कमरेची आणेवारी

मिठागरावर वीस वर्षांहून अधिक काळ कारकुनी केलेल्या माणसाने दिवाळीच्या अंकात लिहायचे म्हटले, तर त्याने मिठाविषयी लिहावे अशी वाचकांची अपेक्षा असणार. मिठाविषयी मी लिहीनच, कारण त्यावाचून पुढचे समजणार नाही. पण मला खरे लिहायचे आहे ते माझ्या कमरेविषयी. ही कंबर मिठागरावरच दुखू लागली, मिठागरावरच तिचा हिशेब लागला, आणि मध्यंतरी तिच्यापायी माझी नोकरी जाण्याची वेळ आली होती. तेव्हा विषय खाजगी असला तरी धंद्याबाहेरचा नाही.

आमचे आगर अलिबाग तालुक्यात, धरमतरच्या खाडीच्या काठी. आगर म्हणजे मिठाचे शेत. मातीचा उंच बांध घालून खाडी बाहेर अडवायची आणि हवे तेवढेच पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या लाकडी दारातून, आत घ्यायचे. ते पाणी एका खणातून दुसऱ्या खणात फिरवत उन्हात तापवायचे. शेवटच्या उथळ वाफ्यांत मीठ धरले की फळीने ओढून कडेला घ्यायचे आणि राशी घालायच्या. पौषापासून वैशाखापर्यंत हा उद्योग चालतो. आगरी लोक तो बापजाद्यांपासून करीत आले आहेत, आणि त्यात कारकुनाने तोंड घालण्यासारखे काही नसते. कारकुनाचे काम मीठ विकले गेल्यावर सुरू होते.

मीठ मुंबईस जाते मचव्याने, म्हणजे शिडाच्या मोठ्या होडीने. खाडीचा जो फाटा आमच्या धक्क्याला लागतो तो उथळ आहे. अष्टमीच्या आसपास भरतीला जोर नसतो, तेव्हा लहान होडीसुद्धा चिखलाला पोट घासत येते. भरलेला मचवा बाहेर पडायचा तर उधाणाचे पाणी हवे, आणि उधाण येते ते अमावास्येला आणि पौर्णिमेला. म्हणून आमची भरणी पंधरवड्यातून एकदा, दोन किंवा तीन दिवस. त्या दिवसांत तीन-चार मचवे एकामागून एक लागतात आणि जेवायला फुरसत नसते. बाकीचे दिवस शांत. ही गोष्ट आगरावरच्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. माझ्या कमरेचा विचार करताना मात्र ती कोणाच्याच डोक्यात आली नाही.

मापाची पद्धत अशी. तीन वासे उभे करून त्यांच्या तिकाटीला काटा टांगायचा. एका पारड्यात वजने. ती सकाळी एकदा चढवली की संध्याकाळपर्यंत तिथेच. दुसऱ्या पारड्यात पोते ठेवायचे, आणि कमीजास्त मीठ घालून-काढून दोन्ही पारडी जमिनीपासून वीतभर सुटून बरोबरीत आली की मापारी पुकारतो आणि कारकून वहीत दांडी मारतो. पहिल्या पोत्याला ‘एक’ म्हणायचे नाही, ‘लाभ’ म्हणायचे. मग दोन, तीन, चार. पारडे जमिनीलगत असल्यामुळे ते सुटले की टेकले आहे हे पाहायला कारकुनालाही जमिनीलगत बसावे लागे. माझा पाट काट्याच्या उजव्या अंगाला असे. डावीकडे वाकून पारड्याखाली नजर घालायची, मग उजवीकडे वळून वहीत लिहायचे. पुन्हा डावीकडे. मिठावर सरकारी कर असल्यामुळे सरकारचाही एक माणूस समोर बसून पोती मोजी. त्याला खुर्ची होती.

आणि कारकुनाने बसायचेच. माप चालू असताना मापावरचा माणूस उभा राहिला तर लक्ष्मी उभी राहते, आणि उभी राहिलेली लक्ष्मी निघायच्या तयारीत असते, असे शेठजींपासून पोती वाहणाऱ्या गड्यांपर्यंत सगळेच मानीत. दिवाळीला घरोघर बसलेल्या लक्ष्मीची तसबीर पुजतात ती याच समजुतीने. माझी तिला हरकत नव्हती. मी बरीच वर्षे मुकाट्याने बसलो.

कंबर दुखायला लागली १९२६ च्या सुमारास. मला तेव्हा चाळिसावे लागले होते. उजव्या कुल्ल्यातून कळ निघे आणि मांडीच्या मागून पोटरीपर्यंत जाई. थोडी असली तर चालताना पाय ओढे. जास्त असली तर कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागे. निर्गुडीचा पाला बांधून झाला. विटेचा शेक झाला. चौलच्या एका वैद्यांचा काढा दोन महिने घेतला. त्याने भूक चांगली लागली. आमच्या घरातून तेल चोळण्यात कसूर झाली नाही. दुखणे जाई, आणि गेले म्हणून बरे वाटते न वाटते तोच परत येई.

ते अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येते हे सगळ्यांच्या लक्षात आले होते. आमचा मुकादम धाकू, म्हणजे गड्यांवरचा नाईक, त्याने त्याचा उलगडाही केला.

“अण्णा, आवस-पुनवेला दर्याला जोर येतो. मानसाचे अंगात तरी काय हाय? पानीच. ते बी चढतं.”

“मग ओहोटीला उतरले पाहिजे,” मी म्हटले.

“उतरतंच का नाय चार दिसांनी?”

 उतरत होते हे खरेच होते. पत्नीने मला अमावास्या आणि पौर्णिमा असे दोन्ही उपास धरायला लावले. म्हणजे भरणीचा सगळ्यात कष्टाचा दिवस मी दोन केळी आणि कपभर दुधावर उन्हात काढू लागलो. दुखणे कमी झाले नाही, पण आमच्या हातून काहीतरी होत आहे असे दोघांनाही वाटले.

भरणी संपली की दोन दिवसांनी मी आडवा होई आणि तसाच तीन-चार दिवस राही. नेमका तेव्हाच भरणीचा हिशेब मुंबईस जायचा असे. तो रखडू लागला. शेठजी मुंबईत, मोठे व्यापारी, गुजराती, बोलायला गोड आणि हिशेबाला कडक. त्यांचा निरोप उस्मान तांडेलाने आणला. उस्मान मुरुडकडचा, मचवा शेठजींचा असला तरी त्यावर हुकूम याचा चाले. येता-जाता आमच्या ओटीवर चहा घेतल्यावाचून तो जात नसे.

“कारकूनसाब, शेठ विचारत होते. बोलले, हिशेब चार-चार दिवस येत नाही. भाचा मुंबईत रिकामा बसलाय, मॅट्रिक झालेला.”

“बरे. आणखी?”

“बोलले, पुढच्या वैशाखात शेवटच्या भरणीला मी खुद्द येतो. तवर कारकुनाने तब्येतीचं बघावं. नाहीतर भाचा बसेल मापाला.”

“आणखी काही?”

“आणखी बोलले, कारकून माणूस लई चांगला.”

“चांगला म्हणाले म्हणजे मग ठरलेच,” मी म्हटले. उस्मानने बशीत चहा ओतला.

राहते घर आगराचे होते. नोकरी गेली असती तर घरही गेले असते. दोन मुली लग्नाच्या व्हायच्या होत्या. शिवाय, हे लिहायला संकोच वाटतो, पण मला ते काम आवडत होते. उधाणाच्या सकाळी धक्क्याला तीन शिडे उतरलेली पाहणे आणि संध्याकाळी माझी आणि सरकारची बेरीज जुळणे, यात मला जो आनंद होई तो दुसऱ्या कशात होत नसे. वर्षभराची मुदत होती.

मी अलिबागला डॉक्टरांकडे गेलो. शांत, वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी मला पालथे निजवले, पाय वर-खाली करून पाहिला आणि सांगितले, “हे समूळ जाईल असे मी म्हणत नाही. ते कधी येते, किती येते, हे कळले तर त्याच्याशी जमवून घेता येईल. तुम्ही कारकून आहात ना? मग लिहा.”

मी लिहू लागलो. महिन्याने वही घेऊन गेलो. त्यांनी पाने चाळली.

“महिन्यात नऊच नोंदी?”

“नऊ दिवस दुखले.”

“आणि बाकीचे एकवीस दिवस?”

“त्या दिवशी काही झाले नाही. काय लिहिणार?”

“आगरावर ज्या दिवशी भरणी नसते, त्या दिवशी वहीचे पान कोरे सोडता?”

“नाही. ‘भरणी नाही’ असे लिहितो.”

“का?”

“कोरे सोडले तर पुढे कळणार कसे, की काम नव्हते की कारकून लिहायला विसरला?”

 डॉक्टरांनी वही मिटून माझ्या हातात दिली. परत येताना गाडीत मला माझेच हसू आले. मी नुसत्या खर्चाची वही ठेवली होती. जमेची बाजूच नव्हती. अशी वही दुसऱ्या कोणी मला दाखवली असती, तर मी त्याला दारात उभे केले नसते.

मग मी रीतसर रकाने आखले. तिथी, झोप, दिवसभर काय केले, आणि दुखणे किती. अडचण आली ती ‘किती’ची. ‘फार’, ‘बरेच’, ‘थोडे’ या शब्दांची बेरीज होत नाही. शेवटी मी आमच्या भागातल्या भातपिकाची रीत उचलली. पीक उत्तम आले की सोळा आणे म्हणतात, निम्मे आले की आठ. तशी मी कमरेची आणेवारी ठरवली. सोळा आणे म्हणजे कुशीवर वळता न येणे. बारा म्हणजे उठता येते, बसता येत नाही. आठ म्हणजे सगळी कामे होतात पण प्रत्येक काम करताना कंबर आहे हे समजते. चार म्हणजे बोलण्याच्या नादात विसरायला होते. दोन आणे म्हणजे सकाळी उठताना एकदा ओळख देऊन जाते तेवढेच.

ही आणेवारी घरात लवकर रुळली. “आज किती?” एवढेच पत्नी विचारी आणि मी आकडा सांगे. पूर्वी तिने विचारले की मी कण्हत लांबलचक सांगत बसे आणि ती ऐकत बसे. दोघांचीही सकाळ त्यात जाई. आता ती आकड्यावरून कामे लावी. सहा आण्यांना मी नारळ सोलू शकतो आणि आठला नाही, हे तिने ठरवून टाकले. एकदा मी आठ सांगितले तेव्हा ती म्हणाली, “काल जेवणात कारले आहे म्हटल्यावर दहा होते. आज घावने म्हटल्यावर आठ झाले.” यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही.

वहीचा पहिला उपयोग झाला तो असा. बारा आण्यांच्या दिवशी माणसाला वाटते, हे आता असेच राहणार. तेव्हा मी मागची पाने काढून पाही. बारा आणे एकदाही चार दिवसांपेक्षा जास्त टिकलेले नव्हते. कळ तेवढीच राही, पण तिच्याबरोबर येणारी भीती निघून जाई. बारा आण्यांतले दोन-तीन आणे तरी त्या भीतीचे होते, असा माझा अंदाज आहे. आणि ज्यांना मी पूर्वी लिहीतच नव्हतो ते दिवस आता ओळीने समोर दिसत. दोन, तीन, दोन, चार, दोन. मला वाटत होते त्याहून मी बराच सुखी माणूस होतो. हे मला वही ठेवल्यावर समजले.

दुसरी गोष्ट पावसाळ्यात समजली. ज्येष्ठात मचवे वर ओढून शाकारतात ते नारळी पौर्णिमेपर्यंत पाण्यात पडत नाहीत. आमच्या घराच्या भिंतींना त्या दिवसांत ओल येते, गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे गुडघे धरतात, आणि माझेही हाल होणार म्हणून पत्नीने शेकायला वाळूची पुरचुंडी शिवून ठेवली होती. ती तशीच राहिली. आषाढ आणि श्रावण मिळून माझी कंबर चार आण्यांच्या वर गेली नाही. त्या काळातही अमावास्या आल्या, पौर्णिमा आल्या, उधाणाचे पाणी बांधाच्या माथ्याला लागले. माझ्या अंगातले पाणी काही चढले नाही.

मी धाकूला हे सांगितले. तो म्हणाला, “पावसाचं पानी गोडं, अण्णा. त्याचा जोर येगला.”

कार्तिकात उरलेल्या राशींच्या भरण्या सुरू झाल्या आणि चतुर्थीला बारा आणे परत हजर. मार्गशीर्षातही तेच. पुढच्या उधाणाला उस्मान धक्क्यावरून उतरता उतरता मोठ्याने म्हणाला, “काय कारकूनसाब, आलो मी. आता अंथरूण घालून ठेवा. माझं शीड दिसलं की तुमची कंबर निजते. माझ्या बायकोची सासू आली की तिचं डोकं धरतं, तसं.”

“तिची सासू म्हणजे तुझी आईच ना?”

“म्हणून तर मी दर्यावर असतो.”

गडी हसले, मीही हसलो आणि कामाला लागलो. पण संध्याकाळी बेरीज जुळल्यावर ते बोलणे आठवले. मी कमरेची वही काढली आणि भरणीची वही तिच्या शेजारी ठेवली. उस्मानचे शीड दिसले, की ती भरणी संपल्यावर दोन दिवसांनी बारा आणे. प्रत्येक वेळी. एका अमावास्येला वारा उलटा असल्यामुळे मचवे आलेच नव्हते. त्या चतुर्थीला तीन आणे. चंद्र मचवे आणीत होता, आणि मचवे आले की मी दिवसभर जमिनीवर बसून डावी-उजवीकडे वळत होतो. चंद्राचा माझ्या कमरेशी एवढाच संबंध.

इतके साधे होते, तर आधी का दिसले नाही, असे वाचक विचारतील. कळ मापाच्या दिवशी येत नसे, दोन दिवसांनी येई. आणि त्या पाटावर बसणे हे मी काम समजतच नव्हतो. ‘दिवसभर काय केले’ या रकान्यात मी ‘माप’ लिहीत होतो. ‘बसलो’ असे लिहायचे मला सुचले नव्हते.

पौषातल्या पौर्णिमेला मी उभा राहिलो. पारड्याखाली पाहायला मापाऱ्याला बसवले आणि वही हातात धरून उभ्याने लिहिले. गड्यांत कुजबुज सुरू झाली. कोणी उघड बोलले नाही, पण पोती रेंगाळू लागली. एकाने मुद्दाम दोनदा मोजायला लावले. शेवटच्या दिवशी उस्मानचा मचवा भरून व्हायला उशीर झाला, त्यातच वारा पडला, आणि फाट्याच्या तोंडाशी पाणी ओसरून मचवा चिखलात बसला. उधाण संपत आले होते. दुसऱ्या दिवशीचे पाणी त्याला उचलण्याइतके चढले नाही, तिसऱ्या दिवशीचे त्याहून कमी. आता पुढच्या उधाणाशिवाय तो हलणार नव्हता.

चतुर्थीला वहीत सात आणे लागले. बारांचे सात. मला आनंद करायचा होता, पण समोर खिडकीतून मिठाने भरलेला मचवा एका कुशीवर कलंडलेला दिसत होता. मुंबईहून निरोप आला, तो एका ओळीचा होता: माप बसून व्हावे.

उस्मान पंधरा दिवस आमच्याकडे अडकला. भाकरी मचव्यावर करी आणि चहाला आमच्या ओटीवर येई. धाकूही येई. एका संध्याकाळी तिघे बसलो होतो.

“तुम्ही उभे राहिलात, माझा मचवा बसला,” उस्मान म्हणाला. “एक उभा, एक बसला. हिशेब बराबर.”

“मचवा वाऱ्याने बसला.”

“वाऱ्याने बसला, मी मानतो. पण शेठला वारा दिसत नाय. त्याला तुम्ही दिसलात.”

धाकू तंबाखू मळत होता. “अण्णांनी बसलेच पायजे,” तो म्हणाला. “उगा बोलत नाय मी. लक्शिमीचा मान हाय.”

“बसायला माझी ना नाही, धाकू. पण जमिनीवर बसलो की बारा आणे. मग भाचा आला म्हणून समज.”

“मंग जमिनीव कशाला बसता?”

“म्हणजे?”

“लक्शिमी तरी कुठं जमिनीव बसते? तसबिरीन बगा. कमलाव बसते, उंच.”

मी आत पाहिले. देवघरातली तसबीर ओटीवरून दिसत होती. पत्नी उंबऱ्यात उभी होती. तिनेही वळून पाहिले.

“उंच बसलो तर पारडे दिसणार कसे?” मी म्हटले.

“पारडं बी उंच करा.”

“एवढे उंच वासे कुठे आहेत?”

उस्मानने बशी खाली ठेवली. “माझी जुनी डोलकाठी पडलीय धक्क्यामागे. मधे चिरलेली, पण तीन तुकडे निघतील. कमळ मात्र माझ्याकडे नाही.”

कमळ सुताराने केले. चार उंच पाय, वर मचव्याची एक जुनी फळी, पुढे वही ठेवायला उतरती पाटी. डोलकाठीचे तीन वासे झाले आणि पारडी माणसाच्या छातीइतकी वर गेली. पारडे समोर, वही समोर. वळायचे काम नाही. पहिल्या दिवशी मी त्यावर चढून बसलो तेव्हा गड्यांनी मान खाली घालून हसू लपवले. एकजण म्हणाला, “अण्णा, फुलं वाहू का?” सरकारी माणूस आपल्या खुर्चीतून माझ्याकडे वर पाहत राहिला, त्याला ते आवडले नसावे. मापाऱ्याने मोठ्याने ‘लाभ’ पुकारले. पोती झराझर जाऊ लागली, कारण कारकून बसलेला होता.

झराझर जाण्याचे आणखी एक कारण मला नंतर कळले. पूर्वी गडी पाठीवरचे पोते वाकून जमिनीलगतच्या पारड्यात उतरवी आणि माप झाले की दोघांना ते पुन्हा जमिनीपासून उचलून त्याच्या पाठीवर द्यावे लागे. आता पोते पाठीवरून थेट पारड्यात आणि पारड्यातून थेट पाठीवर. मी आपली कंबर वाचवायला काटा वर चढवला होता. दुसऱ्या भरणीनंतर धाकू म्हणाला, “पोरं बोलतात, दोन दिस झाले, पाठ बोलली नाय.”

“पूर्वी दुखायची का?”

त्याने माझ्याकडे असे पाहिले, की मी विचारायला नको होते असे मला वाटले. “गड्याची पाठ हाय, अण्णा. दुखनारच.”

“कधी बोलला नाहीस.”

“बोलून काय करायचं? तुमची कंबर तुमी लिवलीत. आमची कोन लिवनार?”

“तू सांग, मी लिहितो. वेगळी वही घालतो.”

“नको,” धाकू म्हणाला. “लिवलीत तर तिला वाटंल, आपली पन विचारपूस हाय. रोज यील.”

ती वही मी घातली नाही, पण वर्षानुवर्षे ती माणसे त्या पोत्यांखाली दोनदा वाकत होती आणि मी शेजारी बसून फक्त पोती मोजत होतो, हे मनातून जात नाही. पुढे मचव्यांवरचे, गावातले काही लोक आपली दुखणी लिहून घ्यायला माझ्याकडे येऊ लागले. मी रकाने आखून देतो, आणि चांगले दिवसही लिहा असे बजावतो. बहुतेक लोक महिन्याभरात कंटाळतात. उस्मानने गुडघ्यासाठी वही नेली आणि तिच्यात विड्यांचा हिशेब ठेवला. माझी स्वतःची अजून चालू आहे. तीस साली मिठाचे नाव देशभर सगळ्यांच्या तोंडी झाले; तुम्ही तेव्हा मिठागरावर काय करीत होता, असे लोक मला उत्सुकतेने विचारतात. वहीवरून पाहता, त्या महिन्यात मी बहुतेक दिवस तीन आणे होतो.

कमळावर बसू लागल्यापासून चतुर्थीचे आणे सहाच्या वर गेले नव्हते. आता त्या मुदतीच्या वर्षातली शेवटची भरणी. ठरल्याप्रमाणे वैशाखात शेठजी आले. पाऊस तोंडावर आलेला, राशी उचलायच्या राहिलेल्या, आणि मचवे नेहमीपेक्षा जास्त. शेठजी तीन दिवस छत्री धरून धक्क्यावर फिरले. माझ्या कमळाकडे त्यांनी बराच वेळ पाहिले.

“आ शुं छे?” त्यांनी धाकूला विचारले.

“कारकून बसल्यात, शेठ,” धाकू म्हणाला. “बसूनच माप हाय.”

शेठजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. सगळे मचवे उधाणाच्या पाण्यावर निघाले. शेठजी हिशेबासाठी मागे राहिले. पण मला माहीत होते, आणि घरातही माहीत होते, की भरणीचे दिवस खरे नव्हेत. खरा दिवस चतुर्थी.

चतुर्थीला सकाळी जाग आली तरी मी हललो नाही. पत्नी शेजारी येऊन बसली.

“किती?”

मी म्हटले, “चार.”

“नीट पाहा. नोकरी राहावी म्हणून कमी सांगू नका.”

मी उठलो. परसात गेलो, विहिरीला फेरी घातली, वाकून रहाटाचा दोर उचलला, परत ठेवला. ती दारातून पाहत होती. परत येऊन म्हटले, “पाच.”

“मग पाच लिहा,” ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली. डोळ्यांना पदर लावलेला मला दिसला. पण चूल नुकती पेटली होती, तेव्हा धुराचेही असेल.

मी हिशेब काखेत घेऊन कचेरीत गेलो. शेठजी गादीवर लोडाला टेकून कसलेसे कागद पाहत होते. चतुर्थीला कारकून स्वतःच्या पायांनी हिशेब घेऊन आला, हे ते पहिल्यांदाच पाहत होते. मी दारात उभा राहिलो. त्यांनी मान वर केली, माझ्या पायांकडे पाहिले, मग हातातल्या वहीकडे.

“भाच्याला मी कापडाच्या दुकानात लावतो,” ते म्हणाले. “तमे उभा शुं काम? बसा, कारकून, बसा. उभं राहू नये.”

मी बसलो. संध्याकाळी वहीत पाचाचे सहा झाले, कारण शेठजींची गादी जमिनीवर होती आणि हिशेब दुपारपर्यंत चालला.